दगडाशी ठेवलेला जोडा

१

मेडो फोर्क गावात बूट आणि खोगिरे दुरुस्त करण्याचे दुकान एकच होते आणि ते एल्डन फ्रांट्झचे होते. त्याच्या दिवसाचा आरंभ ठरलेला असे. तो शेगडी पेटवी, पवित्र शास्त्रातला एक उतारा उभ्यानेच वाची, दोऱ्याला मेण लावी आणि मगच दाराची कडी काढी. गावच्या ब्रदरन या ख्रिस्ती मंडळीत तो डीकन, म्हणजे निवडलेला सेवक, होता. त्याच्या टाक्याला आणि त्याच्या शब्दाला गावात सारखाच मान होता, आणि हे त्याला ठाऊक होते. माणसाला आपला मान ठाऊक असणे नेहमीच त्याच्या हिताचे असते असे नाही.

उन्हाळा सरताना मर्ल गार्बर आपला जोडा घेऊन आला. म्हाताऱ्या क्लेटस गार्बरचा हा एकुलता मुलगा; तिशीतला, हसरा, जरा अघळपघळ. जोडा नव्या तऱ्हेचा होता. त्याला टाचेचा उंचवटा नव्हता. बोटांकडे तो पंजासारखा पसरट होता आणि तळ इतका पातळ, की हातात धरून त्याची सुरळी करता यावी. असल्या तळातून पायाखालची काटकी मोडण्याआधीच कळते, म्हणून धनुष्याने एल्कची, त्या मोठ्या हरणाची, शिकार करणारी तरुण मंडळी हे बूट वापरू लागली होती. मर्लच्या जोड्याची शिवण बोटांपाशी उसवली होती.

"मोजे शिवत नाही मी," एल्डन म्हणाला. "वर्नाकडे दे, माझ्या बायकोकडे."

"मोजेच म्हण," मर्ल हसला. "एल्कला ऐकू आलो नाही म्हणजे झालं."

"एल्कला ऐकू येत नसशील. काट्याला दिसतोस."

एल्डनने बूट वाकवून पाहिला, नाकाशी नेला आणि विचारले, की हे चामडे शेकोटीजवळ वाळवले होते ना. मर्लने कबूल केले. मग एल्डनने त्याला नीट ऐकवले. चिखल कोमट पाण्याने काढावा, आत कागदाचे बोळे भरावेत, बूट आगीपासून लांब सावलीत सुकू द्यावा आणि शेवटी मेणचरबीचा हात फिरवावा. जाड बूट हयगय सोसतो, पातळ सोसत नाही. मर्ल मान डोलावत होता आणि त्याचे डोळे खिडकीबाहेरच्या डोंगरावर होते.

"वस्तू हातची गेल्यावरच तुला तिची किंमत कळणार," एल्डन म्हणाला. आणि नारिंगी मेणदोऱ्याचा दुहेरी टाका घालून त्याने जोडा शिवून दिला.

२

सप्टेंबर संपत आला तेव्हा एके दिवशी दुकान बंद ठेवून एल्डन हॅलरच्या खोऱ्यात चढला. तिथे त्याच्या वडिलांनी शिकार केली होती, आणि त्यांच्यामागे त्याने. कायद्याने ते खोरे कोणाचेच नव्हते. एल्डनच्या मनाने त्याचे होते.

वरच्या झऱ्यापाशी, पांढऱ्या धोंड्याच्या पायथ्याला एक जोडा ठेवलेला होता. टाचा एकमेकींना टेकलेल्या, नाड्या आत खोवलेल्या.

जनावर टप्प्यात येऊ लागले की शिकारी पाठीवरचे ओझे तसेच ठेवून बूट तेवढे उतरवतो आणि मोज्यांवर पुढे सरकतो. बूट कितीही पातळ असला तरी शेवटच्या टप्प्यात तोही काढतात. काम झाले की माणूस बुटांकडे परत येतो. म्हणून डोंगरात एकट्या उभ्या असलेल्या जोड्याला त्या मुलखात कोणी हात लावत नाही. ही रीत कोणी कोणाला शिकवत नाही. ती मोडणारा माणूसही कोणी पाहिलेला नव्हता.

एल्डन त्या जोड्यापुढे बराच वेळ उभा राहिला. आपल्या खोऱ्यात दुसरे कोणी शिरले याचा त्याला राग आला होता. पण तो राग आहे असे त्याला वाटले नाही. त्याला वाटले, हा निष्काळजीपणा आहे, आणि निष्काळजी माणसाला धडा मिळाला पाहिजे. जोडा खाली नेऊन पायवाटेच्या तोंडाशी त्याच्या गाडीच्या टपावर ठेवू. उतरेल अनवाणी, शिकेल. सज्जन माणसाच्या हातून पाप होते तेव्हा ते बहुधा शिकवणीच्या रूपाने होते.

त्याने नाड्यांची गाठ मारून जोडा खांद्यावर टाकला.

खाली गाडी नव्हती. आलेला माणूस डोंगरापलीकडून, नदीच्या उत्तर फाट्याच्या बाजूने चढला असणार. पुन्हा वर जायचे तर अर्ध्या दिवसाचा चढ होता, आणि आभाळ खाली उतरून आले होते. एल्डन जोडा घेऊन घरी आला. दिव्याखाली त्याने तो उलटसुलट केला आणि नारिंगी टाका पाहिला. तो टाका डोंगरातही दिसण्याजोगा होता. तेव्हा तो दिसला होता का, हे त्याने स्वतःला विचारले नाही.

"कुणाचा रे जोडा?" वर्नाने विचारले.

"दुरुस्तीला आलाय."

हे वाक्य महिन्यापूर्वी खरे होते. खोटे बोलण्याची सवय नसलेली माणसे अशीच वाक्ये हुडकतात.

बाहेर बर्फ पडू लागले होते. मर्लचे पाय राकट आहेत, तो वर्षातला निम्मा काळ अनवाणीच हिंडतो, तो उतरेल, असे एल्डनने स्वतःला सांगितले. मग त्याने नेहमीची प्रार्थना केली. नेहमीपेक्षा ती थोडी लांबली.

३

सकाळी त्याने दुकान उघडले. शेगडी पेटवली, उतारा वाचला, दोऱ्याला मेण लावले. रात्री फळीवर ठेवलेला जोडा तिथेच होता, आणि ओला होता.

छत गळत नव्हते. शेजारचे खोगीर कोरडे होते. एल्डनने बूट उलटा केला. तळाच्या खाचांत पांढरी भरड वाळू रुतलेली होती, खोऱ्याच्या वरच्या अंगाला असते तशी. काल आपण जोडा नीट पुसला नसेल, असे त्याने ठरवले. थंडीत चामडे दमट होते, हेही खरे होते. त्याने वाळू काढली, कागदाचे बोळे भरले आणि जोडा सावलीत ठेवला.

दुसऱ्या सकाळी बोळे भिजून लगदा झाले होते.

त्याने मेणचरबी लावली. दुकानाला कुलूप घातले आणि किल्ली कोटाच्या आतल्या खिशात ठेवली. उंबऱ्याजवळची फळी मांजर गेले तरी करकरे. घराचे शयनघर दुकानाच्या वरच होते. एल्डन पहाटेपर्यंत जागा राहिला आणि ती फळी करकरली नाही. घड्याळ ऐकू येत होते. नळीतून गळणारे पाणी ऐकू येत होते. वर्नाचा श्वास ऐकू येत होता. खाली मात्र काहीच नव्हते, आणि ते काहीच नसणे सरकत होते. एका बाजूने दुसऱ्या बाजूला, न थांबता, कोणाचीही झोप मोडू नये अशा बेताने.

सकाळी मेणचरबी पार धुऊन गेली होती आणि तळ झिजला होता.

झीज वाचता येणे हे त्याचे पोटाचे काम होते. माणूस लंगडतो का, ओझे वाहतो का, कोणत्या खांद्यावर वाहतो, हे त्याला तळ पाहून कळे. हा तळ त्याने खिडकीशी नेला. डाव्या बुटाची बाहेरची कड झिजली होती आणि उजव्याची आतली. चढ डाव्या हाताला ठेवून कोणी आडवे चालले होते. उलट फिरले नव्हते, खाली उतरले नव्हते. वाटीसारख्या खोऱ्यात असे चालत राहिले तर माणूस निघाला तिथेच पुन्हा येतो. बोटांखालचा भाग सर्वांत जास्त झिजला होता. जागोजागी खाली बसून, चवड्यांवर भार देऊन काही उकरावे, तसा.

एल्डनला कळले. ज्ञान त्याच्या हातात उलटे धरलेले होते. जोडा दिसत नाही म्हणून मर्ल तो शोधतो आहे. आपण जागा चुकलो, बर्फाखाली असेल, पुढच्या धोंड्याशी असेल, असे म्हणत तो फिरतो आहे. जोडा कोणी नेला असेल हे त्याच्या मनात येणारच नाही. शेजाऱ्यावर संशय घेण्याआधी तो आपल्याच आठवणीवर घेईल. तो तसाच वाढवलेला होता.

मग एल्डनच्या बुद्धीने त्याला सांगितले, की चामड्यावरून डोंगरातला माणूस वाचणे हे वेड आहे, आणि असल्या वेडाच्या आधारावर कोणी शेरीफकडे जात नाही. बुद्धी सेवा करते. ज्याचे खाते त्याची. त्याने रापीने चामड्याचा तुकडा कापला, आरीने भोके पाडली आणि झिजलेल्या जागी ठिगळ लावले. एवढे तरी केले पाहिजे, असे त्याला वाटले.

४

मर्लची गाडी उत्तर फाट्याला सापडली, म्हणून शोध उत्तर फाट्यात सुरू झाला. शेरीफची माणसे आली, घोडी आली, आणि मंडळीतले झाडून सगळे पुरुष आले. एल्डनही गेला. घरी बसला असता तर लोकांना नवल वाटले असते.

माणसे ओळ धरून चालत होती. सारखी हाक पडे आणि सगळे थांबून कान देत. क्लेटस एल्डनच्या शेजारी होता. सत्तरी उलटलेला हा माणूस गुडघाभर बर्फात काठी रोवत, कोणाचा हात न घेता चालला होता. दुपारी भाकरीएवढ्या उन्हात सगळे टेकले तेव्हा त्याने एल्डनला थर्मासमधली कॉफी दिली आणि विचारले, या डोंगराची तुला माझ्यापेक्षा जास्त माहिती. तो कुठे गेला असेल.

एल्डन म्हणाला, गाडी तर इथेच आहे.

"हो. गाडी इथेच आहे." क्लेटसने मान हलवली. मग म्हणाला, "त्याचा जोडा तूच शिवलास ना? टिकेल का रे?"

"टिकेल," एल्डन म्हणाला.

"मग झालं. पाय कोरडे असले म्हणजे माणूस आठवडा काढतो. मी काढलाय." म्हाताऱ्याने त्याच्या दंडावर हात ठेवला. "तुझा टाका आहे म्हटल्यावर मला झोप तरी लागते."

हॅलरचे खोरे तिथून दिसत होते. मधली एक सोंड ओलांडली की पलीकडे तेच. एल्डनने त्या बाजूला पाहिले. तोंड उघडून एक वाक्य बोलणे पुरले असते. पण त्या वाक्याच्या मागून दुसरे आले असते, की तुला कसे ठाऊक. आणि तिसरे, की मग इतके दिवस. पहिल्या दिवशी त्याला एक वाक्य जड झाले होते. आता तीन झाली होती. उद्या त्याहून अधिक होतील हे त्याला कळत होते, आणि तरी त्याने उद्यावरच टाकले.

संध्याकाळी घरी येऊन त्याने जोड्याला दुसरे ठिगळ लावले.

५

मग एक सकाळ आली आणि जोडा कोरडा होता.

एल्डनने तो हातात घेतला. वाळू नव्हती. कालचे ठिगळ जसेच्या तसे होते, आरीच्या खुणा ताज्या होत्या, आतले कागदाचे बोळे खडखडीत होते. त्याने उजव्या बुटात हात घातला. आतला तळ उबदार नव्हता आणि गारही नव्हता. तो नुसता बूट होता.

याचा अर्थ त्याला कळला: डोंगरात आता कोणी चालत नव्हते. आणि त्याला हायसे वाटले.

त्याने केलेल्या साऱ्या गोष्टींत हे सर्वांत वाईट होते, आणि हे कोणाला कधी दिसणार नव्हते.

जोडा त्याने पेटीच्या तळाशी ठेवला, वर जुनी खोगिरे टाकली. उत्तर फाट्यातला शोध आणखी काही दिवस चालला आणि मग थांबला. क्लेटस मात्र रोज संध्याकाळी ओसरीवर गरम पाण्याचे घमेले आणि टॉवेल ठेवू लागला. येईल तेव्हा पाय गारठलेले असतील, म्हणे. पाणी निवले की तो ते ओतून टाकी आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा ठेवी. गावात कोणी त्याला त्याबद्दल काही बोलले नाही.

ऑक्टोबरातले प्रीतिभोजन, मंडळीचे पवित्र सहभोजन, जवळ आले. त्याआधी डीकन घरोघर जाऊन प्रत्येकाला विचारतात, की तू देवाशी आणि बंधूंशी शांतीने आहेस का. डीकनलाही कोणीतरी विचारावे लागते. एल्डनकडे दुसरा डीकन ऐरा बोमन आला. स्वयंपाकघरात बसून त्याने वर्नाने दिलेला सफरचंदाचा केक खाल्ला, तोंड पुसले आणि प्रश्न विचारला. तुला काय विचारायचं म्हणा, असेही तो वर हसून म्हणाला.

"आहे," एल्डन म्हणाला.

वर्नाने त्याच्याकडे पाहिले. ऐरा गेल्यावर ती बशा धुऊ लागली आणि मागे न वळता म्हणाली, "दुरुस्तीला आलेला तो जोडा नेला का रे ज्याचा त्याने?"

एल्डन उठून खाली दुकानात गेला. 

६

चर्चच्या तळघरात लांब मेजे मांडली होती. एका बाजूला स्त्रिया, दुसऱ्या बाजूला पुरुष. मटणाच्या रश्श्याचा आणि भिजवलेल्या पावाचा वास भरून राहिला होता. जेवणाआधी पाय धुण्याचा विधी असतो. एक भाऊ कमरेला टॉवेल बांधतो, शेजाऱ्यापुढे गुडघे टेकतो, त्याचे पाय घमेल्यात धुतो, पुसतो. मग उठून त्याला आलिंगन देतो आणि त्याच्या गालाचे चुंबन घेतो. मग टॉवेल त्या शेजाऱ्याच्या कमरेला जातो आणि तो पुढच्यासमोर वाकतो.

बाकावर ऐरा, त्याच्या उजवीकडे एल्डन, त्याच्या उजवीकडे मर्ल आणि मग क्लेटस, असा क्रम गेली कित्येक वर्षे होता. मर्लचे पाय एल्डनने दर शरदात धुतले होते. या वेळी क्लेटस आपल्याच जागी बसला आणि मधली जागा मोकळी राहिली. त्याला पुढे सरकायला सांगावे असे कोणाला वाटले नाही. एल्डनने ती जागा ओलांडून क्लेटसचे पाय धुवावेत, असे पाळकाने हळूच सांगून ठेवले होते.

गाणे सुरू झाले. ऐराने एल्डनचे पाय धुतले, उठून त्याला मिठी मारली आणि टॉवेल त्याच्या हाती दिला. एल्डनने तो कमरेला बांधला. घमेले उचलले, एक पाऊल सरकला आणि गुडघे टेकले. या कामात वर पाहायचे नसते. मान खाली असते आणि पुढे येतील ते पाय धुवायचे असतात.

पाय पाण्यात आले.

क्लेटस पुढे सरकला असावा, असे त्याला वाटले. त्याने उजवी टाच हातात घेतली. पाणी कोमट होते आणि टाच इतकी गार होती, की त्याच्या बोटांची जाणीव गेली. ते म्हाताऱ्याचे पाऊल नव्हते. बोटे पंख्यासारखी पसरलेली होती. करंगळी किंचित आत वळलेली होती. तळव्याला हात लावताच भरड असे काही सुटले आणि घमेल्याच्या बुडाशी बसले, आणि पाण्यात एक पाइनची सुई तरंगत वर आली.

भोवती माणसे गात होती. ऐराचा जाड आवाज उजव्या कानाशी होता. एल्डन धूत राहिला, कारण दुसरे काय करायचे असते ते त्याला ठाऊक नव्हते. त्याने तळव्यावरची चिरलेली जागा धुतली. एकेका बोटाच्या बेचकीतली माती अंगठ्याने काढली. एक पाऊल झाले, दुसरे धुतले. टॉवेलने पुसले. चामडे पुसावे तसे, हलके, न रगडता.

आता उठून चुंबन घ्यायचे होते.

तो उठला नाही. मान खालीच ठेवून तो त्या पायांशी बोलला.

"जोडा मी नेला. हॅलरच्या खोऱ्यातून. वरच्या झऱ्याशी, पांढऱ्या धोंड्यापासून. तुझा आहे हे मला माहीत होतं."

गाणे बाकामागून बाक थांबत गेले. एल्डनने वर पाहिले. समोर बाकाची मोकळी फळी होती. तिच्या पलीकडे क्लेटस बसलेला होता. त्याने अजून आपले बूट काढले नव्हते. त्याची नजर एल्डनच्या तोंडावर नव्हती, घमेल्यातल्या पाण्यावर होती.

"वरच्या झऱ्याशी?" क्लेटसने विचारले.

"हो."

म्हातारा उठला आणि कोट शोधू लागला.

७

उजाडता उजाडता माणसे खोऱ्यात पोहोचली. एल्डन पुढे होता. जोडा त्याच्या काखेत होता. वाटेत त्याच्याशी कोणी बोलले नाही आणि त्याला कोणी मागेही ठेवले नाही.

पांढऱ्या धोंड्याभोवती बर्फ जमिनीपर्यंत उकरलेले होते. त्याच्याही भोवती, पुढच्या धोंड्याशी, त्याच्या पुढच्या धोंड्याशी. साऱ्या वाटीभर, जिथे म्हणून एखादा जोडा ठेवता आला असता तिथे. त्यावर नंतर पडलेले बर्फ पातळ होते आणि खालचे काळे खड्डे त्यातून दिसत होते. मर्ल जिथून निघाला होता तिथेच शेवटी परत आला होता. पांढऱ्या धोंड्याला पाठ टेकून, पाय पसरून तो बसला होता. हातांना नखे उरली नव्हती. घोट्यांभोवती मोज्यांच्या काठाच्या फक्त चिंध्या राहिल्या होत्या.

क्लेटस त्याच्या शेजारी बसला. बराच वेळ त्याने मुलाच्या खांद्यावरचे बर्फ झटकले. मग हात पुढे केला आणि एल्डनने त्याच्या हातात जोडा दिला. म्हाताऱ्याने तो उलटा करून पाहिला. ठिगळावर ठिगळ, आणि त्यांच्याखाली कागदासारखा झालेला तळ.

"हा इतका झिजला कसा?" त्याने विचारले.

 मग त्याने जोडा परत एल्डनकडे दिला.

"घाल त्याच्या पायात. मला वाकवत नाही."

एल्डनने गुडघे टेकले. बूट घालायचा म्हणून त्याने पाऊल हातात घेतले, आणि तेव्हा त्याने ते पाहिले. अंगावर चिखल होता, हातांवर चिखल होता, विजारीच्या काठाला चिखल गोठून दगड झाला होता. पाय स्वच्छ होते. टाचेपासून बोटांपर्यंत कुठे कणभर माती नव्हती. बाकीचा देह लाकडासारखा ताठ होता; पण बोटांच्या बेचक्यांत हात लागला तेव्हा तिथे ओल होती, आणि ती अजून कोमट होती.